टर्बाइनभोवती कवच बसवावे का? माळावरचा वारा आणि बांधालगतचा ओढा

आपण कळवल्याप्रमाणे, बेळगावजवळच्या जांबोटीच्या बाजूला आपले शेत आहे. बांधाला लागून जूनपासून साधारण डिसेंबरपर्यंत वाहणारा ओढा आहे, घरामागच्या माळावर वारा लागतो, आणि गोठ्यातले दिवे, मोबाइलचे चार्जिंग व जमल्यास एखादा लहान पंप एवढी वीज आपल्याला घरीच तयार करायची आहे. त्यासाठी आपण १ मीटर व्यासाची पाती करून घेतली आहेत आणि विचारले आहे की, त्यांच्या पुढे २ मीटर तोंडाचे पत्र्याचे नरसाळे बसवले तर वाऱ्याचा वेग चौपट आणि वीज चौसष्टपट होईल का; आणि तेच नरसाळे ओढ्यातही चालेल का.

मी गेली चोवीस वर्षे बेळगावच्या उद्यमबागेत पंपांचे इंपेलर, पंख्यांची केसिंग आणि कोणी मागितल्यास लहान जलटर्बाइन तयार करण्याचे काम करतो. आपला प्रश्न नरसाळ्याचा दिसत असला, तरी त्यामागचा खरा प्रश्न असा आहे, असे मला वाटते: आपल्याजवळ जेवढा पत्रा, जेवढे पैसे आणि जेवढे कष्ट आहेत, ते पात्यांभोवतीच्या कवचावर घालावेत, पाती लांब करण्यावर घालावेत, की ओढ्याच्या उतारावर? उत्तर आपल्या जागेवर अवलंबून आहे आणि ती जागा मी पाहिलेली नाही; त्यामुळे पुढची आकडेमोड मी जिथे गृहीत धरून केली आहे, तिथे आपण आपले मोजलेले आकडे घालावेत.

प्रथम चौसष्टपटीचा हिशेब पाहू. तोंडाचा व्यास दुप्पट म्हणजे क्षेत्रफळ चौपट, म्हणून अरुंद जागी वेग चौपट, आणि वीज वेगाच्या घनावर अवलंबून असल्याने चौसष्टपट, अशी ती मांडणी आहे. परंतु २ मीटरच्या तोंडासमोर जो वारा येतो त्यात १ मीटरच्या पात्यांसमोरच्या वाऱ्याच्या चौपटच ऊर्जा असते. तो सगळा वारा निमूटपणे आत शिरला, असे मानले तरी चौपटीपलीकडे काही मिळणार नाही. आणि तो निमूटपणे आत शिरतही नाही. नळातले पाणी नळाच्या भिंतींनी बांधलेले असते, त्याला दुसरीकडे जायला वाट नसते. माळावरचा वारा मोकळा आहे. नरसाळे अरुंद होत जाते, त्यात पात्यांचाही अडथळा असतो, त्यामुळे तोंडाशी दाब वाढतो आणि मागून येणारा वारा बाजूने निघून जातो. बेळगावच्या खडेबाजारात एखादी गाडी आडवी लागली की मागचे स्वार गणपत गल्लीकडे वळतात, तसेच हे आहे. केवळ पुढे लावलेल्या नरसाळ्याने वीज नावापुरती वाढते, आणि कोन जास्त तिरपा असेल तर कमीही होते.

म्हणून कवचाचे काम पुढच्या तोंडात नाही, मागच्या तोंडात आहे. पात्यांच्या मागे हळूहळू रुंद होत जाणाऱ्या नळकांड्याला डिफ्युझर म्हणतात. त्यातून जाताना हवा पसरते, तिचा वेग कमी होतो आणि वेग कमी होताना तिचा दाब वाढतो. बाहेर पडताना तिचा दाब भोवतालच्या हवेच्या दाबाजवळ यायलाच हवा. मग तो वाढत वाढत तिथपर्यंत पोहोचायचा, तर पात्यांच्या लगेच मागे तो भोवतालच्या दाबापेक्षा बराच कमी असला पाहिजे. हा कमी दाब पुढच्या हवेला ओढून घेतो. डिफ्युझरच्या मागच्या काठाला बाहेरच्या बाजूस उभी पट्टी लावली, तर तिच्या मागे भोवरे तयार होऊन तिथला दाब आणखी उतरतो आणि ओढ वाढते. पात्यांतून दर सेकंदाला जास्त हवा जाते, एवढाच खरा फायदा; ऊर्जा कवचात तयार होत नाही.

येथे जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी १९२० साली मांडलेल्या मर्यादेचा उल्लेख करावा लागतो, कारण जाहिरातींत तिच्याविषयीच सर्वांत जास्त गोंधळ असतो. उघड्या पात्यांनी वाऱ्यातली सगळी ऊर्जा काढून घेतली, तर हवा पात्यांमागे थांबून राहील आणि पुढची हवा आत येणारच नाही. मागे जाणाऱ्या हवेचा वेग मूळ वेगाच्या एकतृतीयांश राहील इतपतच तिला अडवले, तर जास्तीत जास्त, म्हणजे ५९.३ टक्के ऊर्जा मिळते. कवच असलेली यंत्रे ही मर्यादा ओलांडतात असे सांगितले जाते, आणि पात्यांचेच क्षेत्रफळ धरले तर ते खरेही आहे. अमेरिकेत ग्रुमन कंपनीतील संशोधकांनी १९७०च्या दशकात वातबोगद्यात असे प्रयोग केले. जपानच्या क्युशू विद्यापीठात युजी ओया यांनी काठाला पट्टी असलेल्या कवचाची यंत्रे उभी केली, आणि त्यांत त्याच पात्यांना उघड्या यंत्राच्या दुप्पट, तिप्पट आणि लांब कवचात त्याहूनही जास्त वीज मिळाली. परंतु त्याच जपानी यंत्रांत पात्यांऐवजी बाहेरच्या पट्टीचा व्यास धरून हिशेब केला, तर आकडा ५० टक्क्यांच्या आसपास येतो, म्हणजे उत्तम बनावटीच्या उघड्या यंत्राजवळ. वाऱ्यासमोर आपण जेवढी एकूण जागा अडवतो, तिच्या हिशेबाने कवचाने फारसे काही जास्त मिळत नाही. कवच म्हणजे न फिरणाऱ्या पत्र्याने विकत घेतलेले जास्तीचे क्षेत्रफळ आहे. ते फिरणाऱ्या पात्याच्या लांबीपेक्षा स्वस्त पडते का, हे प्रत्येक ठिकाणी तपासायचे.

आपल्या १ मीटर पात्यांचाच हिशेब करू. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्याने येथील हवेची घनता घनमीटरला १.१ किलोच्या आसपास धरावी. पात्यांचे क्षेत्रफळ ०.७८५ चौरस मीटर. वारा सेकंदाला ५ मीटर असेल, तर त्या क्षेत्रातून ५४ वॉट ऊर्जा जाते. लहान यंत्राची पाती, बेअरिंग आणि जनित्र मिळून ३० टक्के हाती लागले, तर १६ वॉट. वारा ३ मीटरवर आला की हीच वीज साडेतीन वॉट उरते. आता मागचे तोंड १.४ मीटरचे केले म्हणजे त्याचे क्षेत्रफळ दुप्पट होते, आणि सगळे नीट जमले तर १६ चे ३२ वॉट होतील. मात्र डिफ्युझरची भिंत एका बाजूला साधारण ७ अंशांपेक्षा जास्त उघडता येत नाही, त्यामुळे त्याची लांबी १.६ मीटरहून अधिक होते, त्याला सहा चौरस मीटरपेक्षा जास्त पत्रा लागतो, आणि १ मि.मी. जाडीचा पत्रा धरला तरी वजन ५० किलोच्या घरात जाते. याउलट पातीच १.४ मीटर व्यासाची केली, तर तेच ३२ वॉट मिळतात आणि वजन दोन-तीन किलोंनी वाढते.

ही ७ अंशांची अट पुस्तकी नाही, ती मी माझ्या शेडमध्ये डोळ्यांनी पाहिली आहे. काही वर्षांपूर्वी ६० सें.मी. पात्यांसाठी मी एक डिफ्युझर रोलिंग मशीनवर वळवून घेतला. लांबी वाचवण्यासाठी भिंत २० अंश उघडली होती. मोठ्या ब्लोअरसमोर तो लावल्यावर वीज जवळजवळ काहीच वाढली नाही, आणि दोन दिवस मी जनित्राच्या जोडण्या तपासत बसलो. शेवटी घरातून लोकर आणली, वीतभर लांबीचे धागे कापले आणि आतल्या भिंतीला चार-चार बोटांवर चिकटपट्टीने लावले. ब्लोअर सुरू केल्यावर पात्यांजवळचे धागे भिंतीला चिकटून मागच्या दिशेला ताठ झाले. त्यानंतरच्या ओळीतले धागे थरथरत राहिले. आणि मागच्या काठाजवळचे धागे उलटे फिरून पात्यांकडे टोक करून उभे राहिले. म्हणजे हवा भिंत सोडून मधूनच सरळ निघून जात होती आणि कडेने बाहेरची हवा आत शिरत होती. डिफ्युझर पत्र्याचा होता, पण हवेच्या दृष्टीने तो तिथे नव्हताच. नंतर भिंत ७ अंशांवर आणली तेव्हा सगळे धागे मागे झोपले आणि वीजही वाढली. आपण पुढे काहीही करून घेतले, तरी हे दहा रुपयांचे धागे लावल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

वाऱ्याच्या बाबतीत दुसरी अडचण वादळाची. उघड्या पात्यांचे यंत्र जोराच्या वाऱ्यात शेपटीच्या मदतीने बाजूला वळवता येते, मग वाऱ्यासमोर फक्त पात्यांची कड राहते. कवच वळवले तरी वाऱ्यासमोर उभेच असते. आता त्याची बाजू पुढे येते, आणि ती दोन चौरस मीटरची असते. काठाच्या पट्टीसह बाहेरचा व्यास १.६ मीटर धरला, तर सेकंदाला ३० मीटरच्या झोताला केवळ समोरच्या कड्यावर सुमारे ७० किलोंचा जोर येतो, आणि ९ मीटर उंच खांबाच्या बुंध्याशी त्याचा वाकवणारा जोर (किलो गुणिले मीटर) ६००च्या पुढे जातो. वळवाच्या पावसाआधी आपल्याकडे जे वारे सुटतात, ते आपण जाणताच. खांब, ताणाच्या तारा आणि पायाचे काँक्रीट यांचा खर्च मग टर्बाइनपेक्षा जास्त होतो. न्यूझीलंडमध्ये १९९०च्या दशकात ७ मीटर व्यासाचे कवचयुक्त यंत्र प्रत्यक्ष उभारले गेले, पण अपेक्षेएवढी वीज त्यातून मिळाली नाही. सौंदत्ती आणि गदगकडच्या डोंगरांवर ज्या पवनचक्क्या फिरताना दिसतात, त्यांपैकी एकीलाही कवच नाही, त्याचे कारण हेच: खांब उंच करणे आणि पाते लांब करणे त्यांना स्वस्त पडते.

याचा अर्थ वाऱ्यात कवच कधीच उपयोगाचे नाही, असा नाही. पाती लांब करायला जागाच नसेल, पात्याला हात लागण्याचा धोका असेल, किंवा आवाज कमी ठेवायचा असेल, तर आखूड कवच आणि रुंद पट्टी हा विचार करण्याजोगा पर्याय आहे. तेव्हाही दोन गोष्टी पाळाव्या लागतात. पात्याचे टोक आणि कवच यांच्यातली फट व्यासाच्या एक टक्क्याजवळ, म्हणजे १ मीटरला १ सें.मी.च्या आसपास हवी, आणि वेल्डिंगने पत्रा ओढला जातो म्हणून कवच गोल राहील याची काळजी घ्यावी लागते. शिवाय जुनीच पाती तशीच आत बसवून चालत नाही. कवचात पात्यांपाशी हवा जास्त वेगाने येते, त्यामुळे पात्याचा कोन बदलावा लागतो आणि जनित्रही त्या वेगाला जुळणारे लागते. हे न केल्याने निराश झालेले लोक मी पाहिले आहेत. दोष कवचाचा नव्हता, जुळणीचा होता. आपल्या माळावर मात्र कवच लावू नये, खांब उंच करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि मोसमी वारे गेल्यावर उरलेल्या महिन्यांत तिथे जो वारा राहतो, तो पाहता दिव्यांपुरते एक सौर पॅनेल जास्त भरवशाचे ठरेल.

आता ओढ्याकडे वळू, कारण आपली खरी संपत्ती तिथे आहे.

पाणी हवेपेक्षा सुमारे ९०० पट जड आहे. सेकंदाला १ मीटर वेगाच्या प्रवाहात ४० सें.मी. व्यासाची पाती बुडवली, तर तेच ३० टक्के धरून १९ वॉट मिळतात, म्हणजे ५ मीटर वाऱ्यातल्या आपल्या १ मीटर पात्यांपेक्षा जास्त. आणि हे दिवसरात्र. पाण्यात कवचाच्या विरुद्धच्या पुष्कळ तक्रारीही गळून पडतात. प्रवाहाची दिशा बदलत नाही, म्हणून कवच फिरवावे लागत नाही. त्याचे वजन तळावर टेकते. आणि पात्यांना ओंडक्यापासून थोडे संरक्षण मिळते. अडचण खोलीची आहे. पाणी अर्धा मीटर खोल असेल, तर गोल कवच वर-खाली पसरायला जागा नसते. अशा वेळी उभ्या आसाचा रोटर (उभ्या दांड्याभोवती फिरणारी पाती) घेऊन त्याच्या दोन्ही बाजूंना मागे उघडत जाणाऱ्या दोन उभ्या भिंती बांधाव्यात. रुंदी ओढ्यात असते, खोली नसते, तेव्हा डिफ्युझर आडवाच करावा.

ओढा अरुंद असेल तर आणखी एक गोष्ट घडते. यंत्राने पात्राचा मोठा भाग व्यापला, की पाण्याला बाजूने पळायला वाट राहत नाही आणि काठच कवचाचे काम करू लागतात. ख्रिस गॅरेट आणि पॅट्रिक कमिन्स या संशोधकांनी २००७ साली गणिताने दाखवले की, पात्राचा एकतृतीयांश भाग व्यापला तर बेट्झची मर्यादा सव्वादोन पटींनी वर जाते. पण याची किंमत असते: वरच्या बाजूला पाणी तुंबते आणि पातळी वाढते. म्हणूनच घटप्रभा किंवा मलप्रभेच्या कालव्यात लेखी परवानगीशिवाय असे काहीही घालू नये. तिथे आवर्तनाच्या वेळी काठोकाठ पाणी असते. पातळी वीतभर वाढली तरी भराव फुटून शेजाऱ्याच्या उसात पाणी जाऊ शकते.

आणि पातळी वाढते, याच वाक्यात आपल्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. सेकंदाला १ मीटर वेगाने वाहणाऱ्या पाण्यात जी ऊर्जा आहे, ती फक्त ५ सें.मी. उंचीवरून पडणाऱ्या पाण्याएवढी आहे. दीड मीटर वेग असेल तर साडेअकरा सें.मी., दोन मीटर असेल तर २० सें.मी. आपण वाहत्या पाण्याभोवती कितीही सुबक कवच बांधले, तरी या बोटभर-वीतभर उंचीतूनच काही टक्के वेचत असतो. जांबोटी, कणकुंबीकडचा प्रदेश उताराचा आहे. तिथे बांधालगतच्या ओढ्याला शंभर पावलांत दोन मीटर पड (वरच्या व खालच्या पाण्याच्या उंचीतला फरक) मिळणे अवघड नसावे. सेकंदाला ३० लिटर पाणी पाइपने २ मीटर खाली आणले, तर त्यात ५८९ वॉट असतात, आणि लहान यंत्रातून त्याच्या निम्मे, म्हणजे २९० वॉटच्या आसपास मिळवता येतात. मघाचे १९ वॉट दिवसाला अर्ध्या युनिटपेक्षाही कमी होतात. हे जवळपास सात युनिट. गोकाकच्या गिरणीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घटप्रभेच्या पाण्यावर यंत्रे चालवली, ती तिथे नदी वेगाने वाहते म्हणून नाही, तर ती ५० मीटरहून अधिक खाली पडते म्हणून.

डिफ्युझरची खरी जागाही मला इथेच दिसते. पाइपातून आलेले पाणी टर्बाइनच्या चाकातून बाहेर पडते तेव्हा त्याच्यात वेग शिल्लक असतो. तो सेकंदाला ३ मीटर असेल, तर ४६ सें.मी. पड वाया जाते, म्हणजे आपल्या दोन मीटरपैकी जवळजवळ चौथा हिस्सा. चाकाखाली ११ सें.मी. व्यासापासून १७ सें.मी. व्यासापर्यंत उघडत जाणारा, ४० सें.मी. लांबीचा शंकू लावला, तर पाणी सव्वा मीटरहून थोड्या अधिक वेगाने बाहेर पडते आणि तोटा ८ सें.मी.वर येतो. घर्षण वगैरे वजा जाता २५ सें.मी.च्या आसपास पड परत मिळते. यालाच ड्राफ्ट ट्यूब म्हणतात, आणि मोठ्या धरणांवरच्या फ्रान्सिस व कापलान टर्बाइनखालीही ती असतेच. मोठ्या कवचाचा ५० किलो पत्रा कुठे आणि हा हातात मावणारा शंकू कुठे! त्याचा दुसरा उपकार असा की, त्याचे खालचे तोंड पाण्यात बुडवून ठेवले तर चाक खालच्या पाण्यापेक्षा फूटभर उंच बसवता येते आणि तेवढी पड हातची जात नाही. जनित्रही पुराच्या पाण्यापासून वर राहते. मात्र सांधा हवाबंद हवा. एकदा एका सांध्यातून बारीक हवा ओढली जात होती, आवाज फक्त शिट्टीसारखा येत होता, आणि तेवढ्याने वीज निम्म्यावर आली होती. रबराची गॅस्केट बदलल्यावर ती पूर्ववत झाली.

जाळीविषयीही सांगितले पाहिजे. भाद्रपदात ओढ्यातून पाला आणि गवत इतके येते की, पाइपाच्या तोंडाशी तिरप्या गजांची जाळी नसेल तर चाक दिवसभरात अडकते. ती रोज सकाळी साफ करण्याची घरात कोणाची तयारी आहे, हे आधी ठरवावे. ओढ्याचे पाणी खालच्या शेतकऱ्यांनाही लागते, म्हणून ते खाली त्याच पात्रात परत सोडावे आणि काम सुरू करण्याआधी त्यांच्याशी व ग्रामपंचायतीशी बोलून घ्यावे.

पत्रा आणण्यापूर्वी एवढे करावे. पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरच्या शेवटी आणि पुन्हा डिसेंबरच्या सुरुवातीस, ओढ्याचा सरळ दहा मीटरचा तुकडा निवडून वाळकी काटकी सोडावी आणि ती किती सेकंदांत पार होते ते मोजावे. मधल्या धारेचा वेग जास्त असतो, म्हणून आलेला आकडा ०.८५ ने गुणावा आणि पात्राची रुंदी व सरासरी खोली यांच्याशी गुणून दर सेकंदाचे पाणी काढावे. पड मोजण्यासाठी गवंड्याकडची पातळीची पारदर्शक नळी पुरेशी आहे. वरच्या जागेपासून खालपर्यंत टप्प्याटप्प्याने ती धरत जावी, प्रत्येक टप्प्याची उंची वहीत लिहावी आणि शेवटी बेरीज करावी. बेरीज दीड मीटरच्या पुढे गेली, तर दोन्ही महिन्यांचे आकडे मला कळवावेत, मी शंकूची मापे काढून देईन. ती अर्ध्या मीटरच्याही आत राहिली, तरच उभ्या आसाचा रोटर आणि दोन उघडत्या भिंतींचा विचार करू. मधली काही आली, तर पाणी किती आहे त्यावर ठरवावे लागेल.